परदेशात एटीएममधून पैसे काढताना लागणारे शुल्क कमी कसे करावे?

कारेलीबागकर

सप्रेम नमस्कार. आम्ही उभयता आणि माझ्या सासूबाई असे तिघे येत्या उन्हाळ्यात अहमदाबादहून निघून चार दिवस दुबईला थांबणार आहोत, तेथून म्यूनिकला मुलीकडे महिनाभर राहणार आहोत आणि मधल्या काळात दोन-तीन दिवसांसाठी प्रागला जाऊन येण्याचा विचार आहे. राहण्याची व विमानाची व्यवस्था झालेली आहे. प्रश्न फक्त हातखर्चाच्या रोख रकमेचा आहे, कारण मुलीच्या सांगण्यानुसार जर्मनीत बेकरी, आठवडी बाजार आणि स्थानकावरील स्वच्छतागृह अशा ठिकाणी अजूनही रोख पैसे जवळ असावे लागतात.

यजमानांच्या बँकेच्या शुल्कपत्रकात असे लिहिले आहे की परदेशातील एटीएममधून पैसे काढल्यास दर वेळी १५० रुपये, शिवाय साडेतीन टक्के मार्कअप (चलन बदलून देण्यावरचा बँकेचा जादा आकार) आणि या दोन्हींवर जीएसटी आकारला जाईल. हे शुल्क कमी करण्याचा सरळ मार्ग कोणता? बडोद्यातूनच रोख घेऊन जावे, फॉरेक्स कार्ड (आधीच परकी चलन भरून ठेवायचे कार्ड) घ्यावे, की तेथे जाऊन डेबिट कार्डाने पैसे काढावेत? प्रत्यक्ष अनुभव असलेल्यांनी कृपया लिहावे.

अलकापुरी_एक्सप्रेस

इतका विचार कशासाठी करायचा? एका प्रवाशाला एका दौऱ्यासाठी ३,००० डॉलरपर्यंतच्या विदेशी नोटा नेता येतात. तुम्ही तिघे आहात, म्हणजे सगळा खर्च रोखीत भागेल आणि एटीएमचे तोंडही पाहावे लागणार नाही.

निवृत्त_रोखपाल

अलकापुरी यांनी सांगितलेली मर्यादा बरोबर आहे, परंतु सासूबाईंच्या पर्समध्ये ३,००० डॉलर ठेवून त्यांना प्रागच्या गर्दीच्या ट्राममध्ये चढवणे मला तरी मानवणार नाही.

कारेलीबागकर ताई, प्रथम हे शुल्क कोणकोण घेते ते वेगळे करून पाहा, म्हणजे कोठे बचत शक्य आहे ते आपोआप कळेल. पहिला आकार तुमची बँक दर व्यवहारामागे घेते. दुसरा आकार म्हणजे मार्कअप, जो टक्केवारीत असतो. तिसरा आकार ते यंत्र ज्या बँकेचे किंवा कंपनीचे असेल ती घेते आणि तो पडद्यावर आधी दाखवला जातो. चौथा आकार शुल्क म्हणून कोठेच लिहिलेला नसतो, तो विनिमय दरात लपलेला असतो.

हिशेबाच्या सोयीसाठी एक युरो १०० रुपयांचा धरू. तुम्ही १०० युरो काढले तर १०,००० रुपयांवर साडेतीन टक्के म्हणजे ३५० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी मिळून ४१३ रुपये झाले. १५० रुपयांचा ठरीव आकार जीएसटीसह १७७ रुपये होतो. एकूण ५९० रुपये गेले. आता असे शंभर-शंभर युरो पाच वेळा काढण्याऐवजी एकदम ५०० युरो काढले, तर ठरीव आकार ८८५ ऐवजी १७७ रुपयेच लागेल, म्हणजे ७०८ रुपये वाचतील. मार्कअपचे २,०६५ रुपये मात्र कसेही काढले तरी जाणारच. म्हणून 'थोडे पैसे अनेक वेळा काढू नका' हा सल्ला खरा असला तरी अर्धाच आहे. मोठी गळती टक्केवारीत आहे आणि ती फक्त कार्ड बदलल्याने थांबते.

मांडवीकर

ज्या गावात सयाजीराव महाराजांनी १९०८ साली बँक काढली, त्याच गावची माणसे आज बँकेच्या शुल्कपत्रकाला इतकी घाबरतात, हे वाचून गंमत वाटली. रोखपाल काकांनी मांडलेला हिशेब आमच्या मुलांना शाळेत शिकवला पाहिजे.

फिरस्ता

रोखपाल काकांनी चौथ्या आकाराचा उल्लेख केला आहे, त्याविषयी सविस्तर लिहितो, कारण माणसे सर्वांत जास्त तेथेच फसतात. त्याला डायनॅमिक करन्सी कन्व्हर्जन किंवा थोडक्यात डीसीसी म्हणतात. कार्ड भारतीय आहे हे यंत्राला लगेच कळते आणि ते तुमच्यासमोर रुपयांत हिशेब करून देण्याचा प्रस्ताव ठेवते.

गेल्या वर्षी प्रागच्या जुन्या चौकाजवळ माझे मेहुणे पैसे काढत असताना मी शेजारी उभा होतो, त्यामुळे तो पडदा मला चांगला आठवतो. रक्कम निवडल्यावर मोठ्या हिरव्या चौकटीत रुपयांतील आकडा आणि त्याखाली 'हमखास दर' असे शब्द आले, तर खालच्या कोपऱ्यात फिकट करड्या अक्षरांत 'रूपांतरणाशिवाय पुढे जा' असा पर्याय होता. पहिल्यांदा नाही म्हटल्यावर यंत्राने आणखी एकदा, जरा धमकावल्यासारख्या भाषेत, तोच प्रश्न विचारला. मी भ्रमणध्वनीवर व्हिसाच्या संकेतस्थळावरील दर उघडून पाहिला, तेव्हा यंत्राचा दर त्याहून सुमारे नऊ टक्क्यांनी महाग निघाला.

नियम साधा आहे. यंत्राने किंवा दुकानदाराने रुपये की स्थानिक चलन असे विचारले, तर प्रत्येक वेळी स्थानिक चलनच निवडावे. नकाराचे बटण दाबले की व्यवहार रद्द होईल अशी भीती अनेकांना वाटते, पण तसे होत नाही. फक्त रूपांतरण नाकारले जाते आणि पैसे नेहमीसारखे मिळतात. तसेच पर्यटकांच्या रस्त्यावर, हॉटेलांच्या प्रवेशद्वारापाशी व स्मृतिवस्तूंच्या दुकानांत उभी असलेली स्वतंत्र कंपन्यांची यंत्रे टाळून बँकेच्या शाखेतील यंत्र शोधावे. कार्ड अडकले तरी शाखा उघडी असताना आत जाऊन विचारता येते, हा त्याचा आणखी एक फायदा आहे.

रावपुरा_चौक

आपल्याकडे एक जुनी सोय आहे, ती कोणी लिहीतच नाही. माझ्या ओळखीच्या एका व्यापाऱ्याचे नातलग दुबईत आहेत. येथे रुपये दिले की तेथे दिरहम हातात मिळतात, दरही चांगला असतो आणि कोणाला एक पैसाही शुल्क द्यावे लागत नाही.

काळा_कोट

रावपुरा चौक, ही सोय नसून हवाला आहे. परकी चलनाचा व्यवहार अधिकृत व्यक्तीमार्फतच झाला पाहिजे, असे १९९९ च्या फेमा म्हणजे परकी चलन व्यवस्थापन कायद्याचे कलम ३ सांगते. उल्लंघन सिद्ध झाल्यास गुंतलेल्या रकमेच्या तिपटीपर्यंत दंड होऊ शकतो. पाचशे-हजार रुपयांच्या शुल्कासाठी हा धोका पत्करण्याचा सल्ला एखाद्या ज्येष्ठ कुटुंबाला देऊ नये, अशी नम्र विनंती आहे.

रावपुरा_चौक

सगळेच करतात, असे ऐकून होतो. असो, सल्ला मागे घेतो.

सूरसागर_काठ

मुलगा नेदरलँड्समध्ये असल्यामुळे आम्ही नेहमी फॉरेक्स कार्ड वापरतो आणि त्यावर समाधानी आहोत. कार्डात युरो भरताना जो दर मिळतो तोच पुढे टिकतो, रुपया घसरला तरी चिंता नसते आणि मूळ बचत खाते परदेशी यंत्रांपासून दूर राहते. कार्ड हरवले तर जेवढी रक्कम त्यात आहे तेवढ्यापुरताच धोका. ताईंनी फार डोकेफोड न करता हेच घ्यावे.

निवृत्त_रोखपाल

सुरक्षिततेबद्दल सूरसागर यांच्याशी पूर्ण सहमत आहे, पण फॉरेक्स कार्ड स्वस्तच असते असे मात्र नाही. बँकेचा नफा कार्डात रक्कम भरतानाच्या दरात असतो, त्यामुळे 'मार्कअप शून्य' ही जाहिरात वाचून हुरळून जाऊ नये. एफबीआयएल ही संस्था डॉलर, युरो, पाउंड आणि येन यांचे संदर्भ दर कामकाजाच्या दिवशी जाहीर करते. त्या दरापेक्षा तुम्हाला किती जास्त दर सांगितला जात आहे, तो तुमचा खरा खर्च.

समजा, तुम्ही ५०,००० रुपयांचे युरो भरले आणि दर संदर्भ दरापेक्षा दीड टक्क्याने जास्त होता, तर ७५० रुपये त्यात गेले. चलन बदलण्यावरील जीएसटी संपूर्ण रकमेवर नसतो. एक लाखापर्यंतच्या व्यवहारात रकमेचा एक टक्का, किमान २५० रुपये, हे सेवेचे मूल्य धरून त्यावर १८ टक्के कर लागतो, म्हणजे येथे ९० रुपये. एकूण ८४० रुपये झाले. तेवढीच रक्कम ताईंच्या सध्याच्या डेबिट कार्डाने एकदम काढली तर मार्कअप व ठरीव आकार मिळून २,२४२ रुपये जातील. फरक स्पष्ट आहे, पण दर दीडऐवजी साडेतीन टक्के जास्त असेल तर हा फायदा बराचसा संपतो. म्हणून आर. सी. दत्त रोडवरील दोन-तीन अधिकृत विक्रेत्यांकडे आणि आपल्या बँकेत एकाच सकाळी दर विचारावा. घासाघीस चालते, संकोच करू नये.

फॉरेक्स कार्डातूनही एटीएममधून रोख काढताना दर व्यवहारामागे ठरीव आकार लागतो, आणि कार्डात जे चलन भरलेले नाही त्यात खर्च केल्यास वेगळे रूपांतरण शुल्क पडते. ताईंच्या दौऱ्यात दिरहम, युरो आणि प्रागमधला कोरुना अशी तीन चलने आहेत, त्यामुळे हा मुद्दा त्यांच्यासाठी महत्त्वाचा आहे.

सूरसागर_काठ

कोरुनाचा विचार मी केला नव्हता, हे मान्य. तरीही महिनाभराच्या मुक्कामात बहुतेक खर्च युरोतच होणार असेल तर माझा कौल कार्डालाच राहील.

वाघोडिया_बायपास

सेव-उसळीच्या गाडीवर क्यूआर चालतो, मग म्यूनिकच्या बेकरीत का चालू नये, असा प्रश्न माझ्या वडिलांनी तेथील काउंटरवर गुजरातीत विचारला होता.

फिरस्ता

बायपास, वडिलांचा प्रश्न अगदीच चुकीचा नाही. भूतान, नेपाळ, सिंगापूर, संयुक्त अरब अमिराती, श्रीलंका, मॉरिशस आणि फ्रान्समधील काही ठिकाणी यूपीआयने दुकानदाराला पैसे देता येतात. आयफेल मनोऱ्याच्या तिकिटांसाठीही २०२४ पासून ती सोय झाली आहे. मात्र प्रत्येक दुकानात ती नसते, आपल्या ॲपमध्ये आंतरराष्ट्रीय व्यवहार वेगळा सुरू करावा लागतो आणि बँकेचा रूपांतरण दर आधी पाहावा लागतो. दुबईत याचा उपयोग होऊ शकेल. म्यूनिकच्या बेकरीसाठी सुटे युरोच बरे.

आयटीवाली_बडोदेकर

क्रेडिट कार्डाबद्दल कोणीच लिहिले नाही म्हणून लिहिते. मार्कअप नसलेली क्रेडिट कार्डे आता मिळतात आणि दुकानात, उपाहारगृहात किंवा रेल्वेच्या तिकिटासाठी ती उत्तम आहेत. परंतु त्याच कार्डाने एटीएममधून रोख काढू नये, कारण त्यावर सामान्यतः अडीच टक्क्यांच्या आसपास रोख-उचल शुल्क लागते आणि व्याज पहिल्या दिवसापासून सुरू होते. खरेदीवर जी बिनव्याजी मुदत मिळते ती रोख रकमेला लागू नसते. कार्डाच्या पाठीवर 'शून्य मार्कअप' असे सोनेरी अक्षरांत छापलेले असले तरी ते फक्त मार्कअपपुरते खरे आहे.

काही बँकांच्या डेबिट कार्डांवरही मार्कअप नसतो. त्यासाठी नवे बचत खाते उघडावे लागेल, किमान शिल्लक ठेवावी लागेल, परंतु मुलगी तेथे असल्यामुळे दर वर्षी जाणे होणार असेल तर तो खटाटोप सार्थकी लागतो. बँक निवडताना जाहिरात न वाचता शुल्कपत्रकाची पीडीएफ उघडावी आणि त्यात रोख काढणे व खरेदी या दोन्ही ओळी स्वतंत्रपणे वाचाव्यात.

दांडिया_बाजार_बोळ

पण परदेशी खर्चावर वीस टक्के कर कापतात असे ऐकले आहे. मग या चार टक्क्यांची चर्चा कशासाठी चालली आहे?

काळा_कोट

तो टीसीएस, म्हणजे पैसे घेतानाच गोळा केला जाणारा आयकर होय, आणि तो सरसकट लागत नाही. उदारीकृत प्रेषण योजनेखाली (रहिवाशांनी परदेशात पैसे पाठवण्या-नेण्याची रिझर्व्ह बँकेची योजना) एका आर्थिक वर्षात १० लाख रुपयांपर्यंतच्या रकमेवर असा टीसीएस नाही. ही मर्यादा पूर्वी ७ लाख होती, ती १ एप्रिल २०२५ पासून वाढली. हातखर्चासाठी घेतलेल्या चलनावर त्याचा परिणाम सहसा होत नाही. शिवाय कापला गेला तरी तो आपल्या नावावर जमा असतो आणि विवरणपत्र भरताना वळता करून घेता येतो. शुल्क एकदा गेले की परत येत नाही, त्यामुळे चर्चा योग्यच चालली आहे. पर्यटन कंपनीच्या संपूर्ण सहलीसाठी नियम वेगळे आहेत, पण ताई स्वतंत्रपणे जात आहेत.

जेबेल_अलीचा_जावई

दुबईविषयी दोन शब्द. दिरहम १९९७ पासून डॉलरशी ३.६७२५ या दराने बांधलेला आहे, त्यामुळे डॉलर देऊन दिरहम घेताना फसवणूक झाली की लगेच लक्षात येते. चार दिवसांसाठी बडोद्यातून दिरहम शोधत बसण्यापेक्षा थोडे डॉलर न्यावेत आणि शहरातील एक्स्चेंजमध्ये बदलावेत. विमानतळावर टॅक्सीपुरतेच बदलावेत, मग ते अहमदाबादचे असो वा दुबईचे, कारण विमानतळावरचा दर हा घाईत असलेल्या माणसासाठी ठरवलेला असतो. खाडी ओलांडणाऱ्या अब्रा नावेला सुटे दिरहम द्यावे लागतात. मॉलमध्ये कार्ड सर्वत्र चालते.

चाय_नाश्ता

थोडे विषयांतर होईल, पण थायलंडला जाणाऱ्यांसाठी लिहून ठेवतो. तेथे यंत्रचालक बँकाच परदेशी कार्डावर दर वेळी २२० बाट किंवा त्याहून अधिक घेतात आणि त्यावर आपल्या बँकेचा आकार वेगळा पडतो. अशा देशात एटीएमपेक्षा डॉलरची रोकड फायद्याची ठरते. बँकॉकमधील चांगल्या विनिमय केंद्रांत १०० डॉलरच्या नोटेला लहान नोटांपेक्षा जास्त दर मिळतो, मात्र नोट कोरी हवी. पेनाची रेघ, शिक्का किंवा फाटका कोपरा असेल तर नोट परत येते. येथे विक्रेत्याकडून नोटा घेताना एकेक पाहून घ्याव्यात आणि हिशेबाचा आकडा नोटेवर लिहिण्याची आपली सवय त्याला तेवढ्यापुरती सोडायला सांगावी.

फिरस्ता

चाय नाश्ता यांचे विषयांतर उपयोगी आहे, कारण त्यातून एवढे स्पष्ट होते की 'रोख की कार्ड' याचे एकच उत्तर सर्व देशांना लागू पडत नाही. ब्रिटनमध्ये बहुतेक बँकांची यंत्रे स्वतःचे शुल्क घेत नाहीत. अमेरिकेत यंत्रचालक बहुधा तीन-चार डॉलर घेतात. जर्मनीतही अनेक बँका परदेशी कार्डासाठी आकार लावतात, पण तो पडद्यावर दाखवून संमती घ्यावी लागते, म्हणजे पसंत नसेल तर कार्ड काढून पुढच्या शाखेत जाता येते.

प्रागसाठी बडोद्यातून कोरुना शोधू नयेत. तेथे विनिमय केंद्रात युरो बदलता येतात, आणि २०१९ पासून चेक कायद्याने अशी सोय दिली आहे की १,००० युरोपर्यंतचा व्यवहार तीन तासांच्या आत पावती दाखवून रद्द करता येतो. दर वाईट निघाला तर निमूटपणे बसू नये. अर्थात प्रागमध्ये ट्रामच्या तिकिटापासून जेवणापर्यंत कार्ड चालत असल्याने कोरुनाची फारशी गरजही पडत नाही.

कारेलीबागकर

सर्वांचे मनापासून आभार. इतक्या तपशिलाची अपेक्षा केली नव्हती. आतापर्यंतच्या चर्चेवरून असे ठरवत आहे की खरेदीसाठी यजमानांच्या नावे मार्कअप नसलेले क्रेडिट कार्ड घ्यावे, दुबईसाठी थोडे डॉलर आणि पहिल्या आठवड्यासाठी थोडे युरो येथूनच रोख न्यावेत, आणि पुढे गरज पडेल तेव्हा मोठ्या रकमेत एक-दोनदाच एटीएम वापरावे. फॉरेक्स कार्डाचा विचार दर विचारल्यावर करू. आणखी एक शंका आहे. मुलीच्या जर्मन कार्डाने तिनेच पैसे काढून आम्हाला दिले तर?

आयटीवाली_बडोदेकर

काकू, मुलीने आई-वडिलांना हातखर्चाला चार पैसे दिले तर त्यात काही गैर नाही, आणि तो सर्वांत स्वस्त मार्ग आहे. जर्मनीतील अनेक मोठ्या किराणा दुकानांत काही रकमेची खरेदी केली की तेथील जिरोकार्डवर (जर्मन बँकांचे डेबिट कार्ड) २०० युरोपर्यंत रोख काउंटरवरच मिळते आणि वेगळे शुल्क लागत नाही. आपले भारतीय कार्ड त्यासाठी चालेल अशी अपेक्षा मात्र ठेवू नये.

काळा_कोट

फक्त 'तू तेथे युरो दे, मी येथे त्या बदल्यात कोणाला तरी रुपये देतो' असा सौदा करू नये, नाहीतर आपण पुन्हा रावपुरा चौकात येऊन उभे राहू.

रावपुरा_चौक

वकीलसाहेब, आता पुरे.

निवृत्त_रोखपाल

ताईंची योजना मला पटली. निघण्यापूर्वी दोन गोष्टी तपासाव्यात. मार्च २०२० पासून बँकांनी दिलेल्या नव्या कार्डांवर परदेशी व्यवहार मुळात बंद असतात, ते ॲपमधून किंवा शाखेतून सुरू करून घ्यावे लागतात आणि रोख काढण्याची मर्यादा वेगळी ठरवावी लागते. अन्यथा शुल्क शून्य आणि पैसेही शून्य. युरो घेताना २० व ५० च्या नोटा मागाव्यात. ५०० युरोची नोट जारी करणे २०१९ मध्ये थांबले आहे आणि ती कायदेशीर असली तरी बेकरीवाला घेणार नाही.

चलन प्रवासाच्या ६० दिवस आधीपर्यंत घेता येते. एका व्यवहारात ५०,००० रुपयांहून कमी रक्कम असेल तरच विक्रेता रोख रुपये स्वीकारतो, त्यापुढे बँकेतून द्यावे लागतात. परत आल्यावर उरलेले चलन १८० दिवसांत परत करावे लागते, मात्र २,००० डॉलरच्या मूल्यापर्यंतच्या नोटा पुढच्या प्रवासासाठी स्वतःजवळ ठेवता येतात. विकताना पुन्हा दरात नुकसान होते, त्यामुळे पुढच्या वर्षी जाणे ठरलेले असेल तर थोडे युरो कपाटात राहू द्यावेत.

कारेलीबागकर

यजमानांच्या ॲपमध्ये आताच पाहिले. परदेशी व्यवहार खरोखरच बंद आहेत आणि सासूबाईंच्या कार्डाची मुदत जुलैत संपते आहे. उद्या शाखेत जाऊन दोन्ही कामे करून घेते.

चाय_नाश्ता

ताई, कोरुनाची नाणी उरली तर ती प्राग सोडण्यापूर्वी स्थानकावर कॉफीत खर्च करून टाका. नाणी विनिमय केंद्रे सहसा परत घेत नाहीत.